तळीयेच्या वाटेवर एका विहाराचे माप

दरवर्षी २० मार्चला महाडला जाणारे आपण हजारो लोक चवदार तळ्याला अभिवादन करतो, क्रांतिस्तंभापाशी नतमस्तक होतो, ओळखीची माणसे भेटली की जयभीम घालून चहा घेतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ला रांग लावतो. महाडच्या मागे सह्याद्रीच्या पायथ्याला जी गावे आहेत, तिकडे आपली पावले क्वचितच वळतात. यावेळी आम्ही मुक्काम केला. निमित्त होते तळीयेच्या वाटेवरील एका बौद्धवाडीचे. तेथे नवे विहार बांधायचे ठरले आहे, आणि पाया खणण्यापूर्वी एकदा नकाशा पाहून जा, असे तेथील मंडळींचे निमंत्रण होते.

आम्ही काही इंजिनिअर नव्हे. पण वीसेक वर्षे विहारांतून बोलता-ऐकताना आवाज कोठे पोचतो आणि कोठे वाटेतच मरतो, हे शोधण्याचा आम्हाला नाद लागला आणि त्यापायी काही पुस्तकेही चाळून झाली. सोबत नात्यातला एक गवंडी होता आणि मांडव-माईकचा धंदा करणारा एक तरुण.

विहार बांधताना आपण मूर्ती किती फुटांची, फरशी कोणती, कमान कशी, हे सारे ठरवतो. आत बसलेल्याला ऐकू येईल का, हे मात्र कोणी विचारत नाही. उद्घाटनानंतर महिन्याभरात आवाज घुमतो असे ध्यानात येते. मग वर्गणी काढून मोठा स्पीकर आणतात आणि तो आणखी मोठ्याने घुमतो! वास्तविक आपला धम्म हा ऐकण्याचा धम्म आहे. तथागतांच्या हयातीत त्यांचा उपदेश कोणी लिहून ठेवला नाही. भिक्खूंनी तो ऐकला, मुखोद्गत केला आणि पुढच्यांना ऐकवला. पालीमध्ये शिष्याला शब्दच 'सावक', म्हणजे ऐकणारा. आजही वाड्यावस्त्यांवर अक्षरओळख नसलेल्या कितीतरी माउल्या आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तेवढेच बाबासाहेब त्यांच्या पदरी पडतात, आणि तेही कानावाटे.

सकाळी प्रथम गेलो ते गांधारपाल्याला. महाडपासून जेमतेम तीन किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच पायऱ्या आहेत. लहानमोठी तीसेक लेणी, आणि खाली सावित्री-गांधारीचे खोरे. येथील एका शिलालेखात कानभोज विष्णुपालित या राजपुत्राने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या दोन टाक्या दान केल्याची नोंद आहे. ज्या डोंगरात भिक्खुसंघाला पाण्याच्या टाक्या दान मिळाल्या, त्याच्याच पायथ्याच्या गावात १९२७ साली पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. असो. आमचे त्या दिवशीचे काम टेपचे होते.

पहिल्या लेण्याच्या दालनाची मापे इंग्रजांच्या काळातच नोंदली गेली आहेत. दर्शनी भिंत सुमारे ५७ फूट, मागची सुमारे ६२ फूट, आतली खोली ३४-३५ फूट आणि उंची सरासरी १० फूट ४ इंच. मागच्या लांब भिंतीच्या मध्यावर गर्भगृह आणि त्यात बुद्धमूर्ती. आमचा गवंडी दोरी धरून म्हणाला, "हे गुण्याला बसत नाय. टोकाच्या भिंती तिरक्या गेल्यात." ते खरेच आहे. पुढची भिंत आणि मागची भिंत यांत पाच फुटांचा फरक असल्यावर दोन्ही टोकांच्या भिंती समांतर राहणार नाहीत. कोरणाऱ्यांनी हे आवाजासाठी केले, असे आम्ही म्हणत नाही. पण समोरासमोरच्या दोन गुळगुळीत समांतर भिंतींत टाळी वाजवली तर ती चेंडूसारखी इकडून तिकडे फडफडत राहते, आणि भिंत थोडी तिरकी असली की ती फडफड मोडते, एवढे निश्चित.

आम्ही गर्भगृहाच्या दाराशी उभे राहून साध्या आवाजात बोललो आणि दोघे सोबती दालनभर फिरले. दालन आडवे रुंद आणि आत उथळ असल्यामुळे समोर बसणारा बोलणाऱ्यापासून फार लांब जात नाही, हा मोठा गुण. दोष म्हणजे चारही बाजूंनी दगड. दगड आवाज पीत नाही, परत टाकतो, त्यामुळे एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. ओसरीच्या दारांजवळ मात्र शब्द सुटे लागत होते, कारण उघड्या दारातून गेलेला आवाज परत येत नाही. ही उघड्या दाराची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे हिशेबात ती लागणार आहे.

येथे कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण झाली. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच, वर लाकडी फासळ्यांचे कमानदार छत. तेथे संथ लयीत वंदना म्हटली की एक सूर दुसऱ्यात मिसळून अंगावर काटा येतो. पण तेथेच उभे राहून ग्रंथाचे पान भरभर वाचा, चार खांब पलीकडच्याला काही कळणार नाही. वंदनेला रेंगाळणारी जागा साजते, प्रवचनाला सुटी आणि कोरडी जागा लागते. आपल्या विहारात दोन्ही होते, पण जास्त वेळ होते ते वाचन आणि बोलणे. म्हणून जागा बोलण्याच्या बाजूने झुकलेली हवी, असे आमचे मत आहे.

दुपारी मिनीडोरने महाडहून आत डोंगराकडे निघालो. बौद्धवाडीची बैठक रात्री होती, म्हणून आधी तळीयेला जाऊन आलो. २२ जुलै २०२१ रोजी येथील कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी पडल्या. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे असेच घडले होते. तळीयेतून वाचलेल्यांनी बरेच दिवस कंटेनरच्या घरांत काढले. पुढे म्हाडाने कारखान्यात तयार केलेल्या भागांची घरे उभारली. डोंगराच्या अंगावरचा तो पट्टा पाहिला आणि आमच्यातला एकही जण काही बोलला नाही. दोन मिनिटे उभे राहिलो. वाटेत एका घरी पाणी मागितले, तर बाईंनी गूळ पुढे केला. कोणाचे कोण गेले, हे विचारण्याचे आमचे धाडस झाले नाही.

परतताना माईकवाला एक गोष्ट बोलला, ती या लेखाचे कारण आहे. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली होते, रस्ते बंद होते, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मदतीची पथके दुसऱ्या दिवशी पोचली. तो म्हणाला, "दादा, अशा वेळी माझी मशीन काय कामाची?" आता या पट्ट्यात अतिवृष्टीचा इशारा आला की डोंगराखालच्या वाड्यांतील लोकांना शाळेत, समाजमंदिरात हलवतात. उद्या हे नवे विहार उभे राहिले तर त्या रात्री लोक तेथेच गोळा होणार. बाहेर धो धो पाऊस, आत अंधार, कडेवर पोरे. अशा वेळी कोणी उभा राहून सांगेल की कोणाला कोठे जायचे, कोण राहिले आहे, कोणाला आणायचे आहे. ते शेवटच्या म्हातारीपर्यंत माईकशिवाय पोचले पाहिजे. विहाराचे माप या कसोटीवर ठरवावे, असे आम्ही तिघांनी मिनीडोरमध्येच ठरवले.

बौद्धवाडीत सध्याचे समाजमंदिर पत्र्याचे आहे. बैठकीआधी एक परीक्षा घेतली. एकाने वेदीपाशी उभे राहून एकमेकांशी संबंध नसलेले, कानाला सारखे वाटणारे वीस शब्द वाचायचे, पान, वान, कान, मान असे, आणि मागच्या रांगेतल्यांनी ऐकले ते सांगायचे. वाक्य वाचले तर माणूस अंदाजाने पुरे करतो, म्हणून सुटे शब्द. पहिल्या खेपेस बरे जमले. मग पोरांना शिडीवर चढवून पत्र्यावर मूठमूठ वाळू सोडायला लावली. मार्चमध्ये पाऊस आणायचा तर दुसरा उपाय काय? मागच्या रांगेने हात टेकले. एक आजी म्हणाल्या, "पाऊस लागला की असंच होतं बाबा. बौद्धाचार्यांचं तोंड हालताना दिसतं, कळत काय नाय." जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जेथे वाचनाचे तीन महिने नेमके पावसाचे, तेथे पत्र्याखाली वर्षावास म्हणजे ढोलाच्या आत बसून ग्रंथ ऐकणे होय!

मग नकाशा उलगडला. मुंबई मंडळाने पाठवलेला. २४ फूट लांब, २४ फूट रुंद, १२ फूट उंच, मध्ये आतून उघडा घुमट, भिंतींना छातीपर्यंत टाईल्स, खाली संगमरवर. दिसायला देखणा. परंतु माप पाहताच आम्हाला धडकी भरली.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये तो येरझारा घालतो आणि त्या अंतराप्रमाणे काही ठरावीक सूर त्या खोलीत फुगतात. २४ फुटांत पहिला सूर सेकंदाला साडेतेवीस कंपनांचा, पुढे त्याची दुप्पट ४७, तिप्पट ७१, चौपट ९४. १२ फूट उंचीत पहिला ४७ आणि दुसरा ९४. म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची तिघी मिळून ४७ आणि ९४ वर एकत्र येतात. पुरुषाच्या भरदार आवाजाचा पाया शंभराच्या आगेमागेच असतो. असा वक्ता बोलू लागला की त्याचा खालचा सूर तेवढा फुगतो, शब्द त्याच्याखाली दबतो, आणि रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे होते. म्हणून तिन्ही मापे सारखी नसावीत, एकमेकांच्या पटीतही नसावीत. १९७१ साली लाउडेन या संशोधकाने अशा अनेक प्रमाणांचा हिशेब मांडून उंची १, रुंदी १.४, लांबी १.९ हे प्रमाण चांगले ठरवले. तो काही मंत्र नव्हे. दोन-चार इंच इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही, आणि खोली जितकी मोठी तितके प्रमाणापेक्षा आकार आणि भिंतींचे अस्तर महत्त्वाचे ठरते. पण आपल्या वाडीतल्या विहाराएवढ्या खोलीला ते नक्की उपयोगी आहे.

दुसरा हिशेब जमाखर्चाचा, आमच्या रोजच्या कामासारखाच. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधले होते आणि त्यात प्राध्यापकांचे बोलणे कोणाला कळेना. वॉलेस सेबिन या तरुण अध्यापकावर ते काम आले. दुसऱ्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून तो रात्री-रात्री त्या खोलीत ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत होते. गाद्या वाढवल्या की वेळ घटे. त्यातून त्याने नियम काढला, तो आजही वापरतात: खोलीचे घनफळ घनफुटांत घ्यावे, ०.०४९ ने गुणावे आणि आतल्या एकूण शोषणाने भागावे. शोषणाचे माप म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी. गांधारपाल्याचे उघडे दार ते हेच.

नकाशातल्या विहाराचे घनफळ, घुमट सोडून, ६९१२ घनफूट. भिंती, फरशी आणि छत मिळून २३०४ चौरस फूट. टाईल्स, गिलावा असा कडक पृष्ठभाग शंभरात तीनच्या आसपास पितो, म्हणजे सुमारे ६९. कपड्यांसकट बसलेला माणूस साधारण चार धरू. आता उद्घाटनाचा दिवस घ्या. नव्वद माणसे, दारे-खिडक्या उघड्या. शोषण पाचशेच्या घरात जाते आणि आवाज पाऊण सेकंदाच्या आत विरतो. सगळे खूश, इंजिनिअरचा शाल देऊन सत्कार! मग आषाढ येतो. पंधरा उपासिका, पावसाची झड आत येऊ नये म्हणून सारी दारे बंद. ६९ आणि ६०, एकूण १२९. उत्तर येते अडीच सेकंदांहून जास्त. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो, म्हणजे मागची दहा-बारा अक्षरे अजून हवेत रेंगाळत असताना पुढचे अक्षर येते. बोलण्याला सुमारे एक सेकंद चांगला. म्हणजे विहाराची खरी परीक्षा उद्घाटनाला होत नाही, भर आषाढातल्या पंधरा बायांच्या वाचनाला होते. स्पीकर मोठा केला तर ती शेपटीही तेवढीच मोठी होते.

घुमटावरून बैठकीत खडाजंगी झाली. मुंबईहून आलेले एक भाऊ म्हणाले, "दीक्षाभूमीसारखा स्तूप दिसला पाहिजे, नाहीतर विहार कशाचे?" त्यांची भावना आम्हाला मान्य. पण आतून उघडा गोल घुमट आवाज गोळा करून एकाच जागी टाकतो. विजापूरच्या गोल घुमटात सज्जात एका बाजूला केलेली कुजबूज पलीकडे ऐकू येते, त्याचे लोकांना कौतुक वाटते. पण सभेत असे झाले तर एकाच्या कानावर आवाज आदळतो आणि शेजारचा कोरडा राहतो. आम्ही सुचवले की स्तूप जरूर बांधा, पण स्लॅबच्या वर. बाहेरून पंचक्रोशीला दिसेल, आत छत बंद राहील. भाऊंनी दहा मिनिटे विचार केला आणि मान हलवली.

मग ठरत गेले ते असे. उंची १४ फूट, आतली मापे २० बाय २७. जागा ५४० चौरस फूट, दाटीने नव्वद माणसे बसतील. बुद्धमूर्ती आणि वेदी आखूड भिंतीला न ठेवता लांब भिंतीच्या मध्यावर, गांधारपाल्याप्रमाणे. त्यामुळे समोरची भिंत वीसच फुटांवर येते. येथे एक बारीक गोष्ट आहे. मूळ आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज यांत सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी अंतर असेल तर कान दोन्ही एकत्र धरतो आणि आवाजाला बळ मिळते, त्याहून जास्त असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. तेवढ्या वेळात आवाज छप्पन्न फूट जातो, म्हणजे जाऊन-येऊन अठ्ठावीस फूट. वीस फुटांची भिंत मदत करते, चाळीस फुटांची त्रास देते. टोकाच्या दोन भिंती मिळून रुंदीत दोनेक फुटांचा फरक पडेल इतक्या तिरक्या घ्यायच्या, यावर गवंडी कुरकुरला. "लोक म्हणतील गवंड्याला ओळंबा-गुण्या कळत नाय." आम्ही म्हटले, त्यांना लेण्यात घेऊन जा.

छताला पत्रा नको, हे एकमताने. स्लॅब आणि त्यावर उतरती मंगलोरी कौले. संगमरवर रद्द करून ते पैसे कौलांकडे वळवायचे. टाईल्सही नकोत, साधा गिलावा.

राहिला शोषणाचा प्रश्न. शहरात यासाठी महागड्या पाट्या मिळतात. वाडीत गोधड्या आहेत. वेदीसमोरच्या भिंतीवर वीस फूट रुंद आणि आठ फूट उंच एवढ्या गोधड्या, आणि बसायला जाड सतरंज्या. या नव्या मापात पंधरा माणसे आणि बंद दारे धरून आमच्या हिशेबाने वेळ दीड सेकंदाच्या आत येतो. एक सेकंद नव्हे, पण अडीचच्या जवळजवळ निम्मा. गोधडी भिंतीला चिकटवायची नाही, लाकडी पट्ट्या ठोकून दोन इंच पुढे टांगायची. मागे हवा राहिली की खालचे सूरही थोडे पितात आणि भिंतीची ओल कापडाला लागत नाही. कोकणच्या पावसात हे न केल्यास श्रावण संपायच्या आत बुरशी येईल. पावसाळा सरला की काढून उन्हात टाकायच्या.

इतका वेळ गप्प बसलेला बायकांचा घोळका येथे पुढे सरसावला. कोणाकडे किती जुनी लुगडी आहेत, निळ्या काठाची कोणती, पांढरी कोणती, याची बोटांवर मोजणी सुरू झाली. पाच गोधड्या आजींच्या नावावर लागल्या. "माझे डोळे गेलेत, टाके सून घालील, पण लुगडी माझी," असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर फक्कीने रेषा मारल्या. वेदीच्या जागी एका पोरीला उभे केले आणि शेवटच्या रेषेवर आजींना बसवले. भिंती नव्हत्या, छत नव्हते, तरी वीस फूट म्हणजे किती जवळ ते सर्वांना दिसले. पोरगी सातवीतली, जरा लाजत होती. तिने वाडीतल्या घरांची नावे एकामागून एक मोठ्याने वाचली, आणि आजी प्रत्येक नावाला "हाय" म्हणत गेल्या. पाया मे महिन्यात खणायचा आहे, पावसाच्या आत जोत्यापर्यंत यायला हवे.